अंबाजोगाईचा पडलेला पाइप: पडद्यांच्या फिटिंगमधल्या हत्यारांचं एक प्रकरण

घर अंबाजोगाईतलं, योगेश्वरीच्या देवळाकडच्या जुन्या वस्तीतलं. पुढची खोली आजोबांच्या काळातली, काळ्या दगडाची. तिच्यामागे १९९० नंतर बांधलेल्या विटांच्या खोल्या, आणि त्यांच्यावर अलीकडे चढवलेला एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकचा मजला. मजला पुरा झाला म्हणून घरभर नवे पडदे लागले. ते लागून दोन महिने होत नाहीत तोच वरच्या पश्चिमेकडच्या खोलीतला नऊ फुटी पाइप पडद्यासकट खाली आला. आजी दुपारचं ऊन अडवायला पडदा ओढत होत्या. पाइपचं टोक मनगटावर बसलं. सूज आली, हाड वाचलं.

मी लातूरला पडदे आणि ब्लाइंडच्या फिटिंगचं काम करतो. कापड दुकानदाराचं, बसवणं आमचं. त्या घरातल्या मुलाने फोन केला तेव्हा त्याचं म्हणणं एवढंच होतं, की येऊन पाइप परत ठोकून द्या. मी म्हटलं, ठोकायच्या आधी सगळ्या खिडक्या बघू द्या. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण एकाच घरात दगड, वीट, काँक्रीट, एएसी आणि ग्रॅनाइट असं सगळं एकदम समोर आलं. नवी पोरं मला विचारतात, “भाऊ, कोणती मशीन घेऊ?” माझ्या मते प्रश्न भिंतीपासून सुरू व्हायला हवा. भिंत कशाची आहे हे कळलं, की मशीन आपोआप ठरते.

पाइप का पडला

वरच्या खोलीची खिडकी आठ फूट रुंद. पाइप नऊ फुटांचा, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर. ब्रॅकेट तीन: दोन टोकांना, एक मधे. मी पहिल्यांदा पडलेले स्क्रू आणि गिट्ट्या, म्हणजे भोकात ठोकून स्क्रू धरणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या, मागितल्या. सुदैवाने त्यांनी त्या एका डब्यात जपून ठेवल्या होत्या. स्क्रू सव्वा इंची, म्हणजे साधारण ३२ मिमी. गिट्टी सहा मिमीची, गुळगुळीत, बाजारात पाकिटाने मिळते ती.

आता हिशेब करू. ब्रॅकेटच्या पाटीची जाडी तीन मिमी. भिंतीचं प्लास्टर आतून साधारण पंधरा मिमी. म्हणजे ३२ मिमीच्या स्क्रूपैकी प्रत्यक्ष ब्लॉकमध्ये गेला चौदा मिमी. बाकी सगळा प्लास्टरमध्ये, आणि प्लास्टर हे काही धरून ठेवणारं अंग नाही, ते वरचं कातडं आहे. त्यातही ब्लॉक एएसीचा. एएसी म्हणजे वाफेवर पक्का केलेला, आत हवेचे बारीक बुडबुडे असलेला ब्लॉक. एका घनमीटरचं वजन साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे किलो, म्हणजे पाण्याहून हलका. इमारतीवरचं ओझं कमी होतं, उन्हाळ्यात खोली त्यातल्या त्यात कमी तापते, म्हणून मराठवाड्यात आता नव्या बांधकामात तो सर्रास दिसतो. पण नखाने ओरखडा उमटेल इतका तो मऊ असतो, आणि विटेची गिट्टी त्याला चालत नाही.

भोक पाहिलं तर बाहेरून रुंद आणि आत निमुळतं झालेलं होतं, नरसाळ्यासारखं. असं भोक हॅमर, म्हणजे मशीनची ठोके देण्याची सोय, चालू ठेवून एएसीत बिट घातलं की होतं. बिट ठोके देत आत जातं, कडा फुटत जातात आणि सहा मिमीचं भोक आठ-नऊ मिमीचं होऊन बसतं. त्यात सहा मिमीची गिट्टी. ती फुगून धरणार तरी कशाला?

मधल्या ब्रॅकेटची गोष्ट वेगळी. तो लिंटलवर, म्हणजे खिडकीच्या वरच्या काँक्रीटच्या आडव्या तुळईवर होता. तिथे एक स्क्रू पूर्ण बसलेला होता, दुसरा अर्धाच जाऊन वाकडा तुटलेला. भोकात टॉर्च मारला तर वीसेक मिमीवर सळईची चमक दिसली. काँक्रीटमध्ये सळईवर किती आवरण हवं ते आयएस ४५६ या भारतीय मानकात दिलेलं आहे. साध्या परिस्थितीत ते किमान २० मिमी. म्हणजे लिंटलमध्ये भोक पाडताना वीस-पंचवीस मिमीवर सळई भेटण्याची शक्यता कायम असते. आधीच्या कारागिराला ती भेटली, आणि त्याने तसाच स्क्रू रेटला.

आता वजन बघू. पडदा ब्लॅकआउट अस्तराचा. नऊ फूट पाइपला दुप्पट कापड, म्हणजे अठरा फूट रुंदी, साडेसात फूट उंची. मीटरमध्ये साडेपाच गुणिले दोन पूर्णांक तीन, साडेबारा चौरस मीटरच्या पुढे. जाड पडद्याचं कापड आणि अस्तर मिळून चौरस मीटरला पाचशे ग्रॅम धरलं तरी सहा किलोच्या वर जातं. स्टीलचा पाइप, टोप्या, रिंगा धरून आठेक किलो. हे स्थिर वजन तीन ब्रॅकेटवर विभागलं तर फार नाही. पण माणूस पडदा ओढतो तेव्हा सगळा झटका एकाच ब्रॅकेटवर येतो. त्यात ब्रॅकेट भिंतीपासून साडेतीन इंच पुढे आलेला आणि पाटी फक्त दोन इंच उंच. अशा मापात वरच्या स्क्रूवर येणारी ओढ खालच्या वजनाच्या किमान पावणेदोन पट होते. आजींनी वीस किलोची ओढ दिली असेल, तर वरच्या स्क्रूने पस्तीस किलो सोसायला हवे होते. चौदा मिमीत ते शक्य नव्हतं.

त्या कारागिराला मी दोष देऊन मोकळा होणार नाही. आमच्याकडे बहुतेक दुकानांत पाटी असते, ‘फिटिंग फ्री’. फ्री म्हणजे दुकानदार कापडाच्या नफ्यातून फिटरला खिडकीमागे ठरावीक रक्कम देतो. ती इतकी कमी असते, की दिवसात जास्तीत जास्त खिडक्या उरकल्याशिवाय त्याचं पोट भरत नाही. मग पिशवीत एक मशीन, एक सहा मिमीचं बिट, गिट्ट्यांचं पाकीट आणि टेप. चार प्रकारच्या भिंतींना एकच उपाय. या घरातला पाइप पडण्याचं खरं कारण मला तिथेच दिसतं.

आधी बघायची हत्यारं

फिटरच्या पिशवीत पैसे कुठे घालावेत, यावर माझं मत ठाम आहे. भोक पाडणाऱ्या हत्याराआधी बघणारी आणि मोजणारी हत्यारं घ्या. या घरात पहिला अर्धा दिवस त्यांनीच काम केलं.

भिंत ओळखायला सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे चार मिमीचं बारीक बिट आणि खाली धरलेला पांढरा कागद. ब्रॅकेटच्या पाटीखाली झाकलं जाईल अशा ठिकाणी हॅमर बंद ठेवून एक चाचणी भोक पाडायचं आणि कागदावर पडणारी धूळ बघायची. आधी प्लास्टरची करडी रेताड धूळ येते. त्यानंतर लाल आली की वीट. पांढुरकी, पिठासारखी हलकी आली आणि बिट लोण्यात गेल्यासारखं गेलं की एएसी. बारीक करडी येऊन बिट मधेच अडलं की काँक्रीटमधली खडी. पिवळट माती भसाभस आली की दगडी भिंतीच्या सांध्यात शिरलो. किती खोल गेल्यावर रंग बदलला ते बिटवर चिकटपट्टीची खूण करून बघितलं, की प्लास्टरची जाडीही कळते. या बिटाची किंमत फार तर एका चहा-नाश्त्याची.

दुसरं, भिंतीतली तार आणि लोखंड दाखवणारा डिटेक्टर. नव्या घरात एसीचा पॉइंट खिडकीच्या वरच्या कोपऱ्याला लागूनच असतो, म्हणजे बरोबर जिथे ब्रॅकेट येतो तिथे. या घरात उजव्या टोकाच्या ब्रॅकेटपासून अडीच-तीन इंचांवरून एसीच्या वायरची नळी खाली उतरत होती. आधीचं भोक जरा इकडे सरकलं असतं, तर गोष्ट मनगटाच्या सुजेवर थांबली नसती. पण डिटेक्टर आंधळेपणाने वापरायचं साधन नाही. काँक्रीट आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे प्लास्टरला भेग पडू नये म्हणून कोंबडी-जाळी मारलेली असते, आणि जाळीवर डिटेक्टर सगळीकडेच लोखंड दाखवतो. ओल्या भिंतीवरही तो फसवतो. म्हणून स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली वायर असणार हे धरून ती रेघ डोळ्यांनी बघायची, आणि भोक पाडताना त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली पाडायचा. मशीनला वीज दुसऱ्या खोलीतून घ्यायची. हे मी माझ्याबरोबरच्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो, आणि यात सवलत नाही.

मोजमापाला पाच मीटरचा चांगला टेप, लेसरचं अंतरमापक, आणि हिरव्या रेषेचा लेसर लेव्हल. हिरवा अशासाठी, की माणसाच्या डोळ्याला हिरवा रंग लालपेक्षा बराच ठळक दिसतो, आणि मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात खिडकीशी उजेडच इतका असतो की लाल रेषा भिंतीवर शोधावी लागते. टेपबद्दल एक गोष्ट सांगतो. टोकाचा हूक थोडा हलतो, तो सैल झालेला नसतो. हूकच्या पत्र्याच्या जाडीएवढीच ती मोकळीक मुद्दाम दिलेली असते, म्हणजे आतून दाबून मोजलं काय किंवा बाहेरून अडकवून मोजलं काय, माप बरोबर येतं. नवखी पोरं पक्कडीने ठोकून तो घट्ट करतात आणि चांगला टेप वाया घालवतात.

चौकटीच्या आत ब्लाइंड बसवायचा असेल तर रुंदी तीन जागी मोजायची, वर, मधे, खाली, आणि सगळ्यात कमी माप धरायचं. दोन्ही कर्णही मोजायचे. ते सारखे नसले तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही. विटांच्या भागातल्या एका खिडकीत वरची आणि खालची रुंदी यांत नऊ मिमीचा फरक निघाला. तिथे आधी लावलेला रोलर ब्लाइंड खाली येताना एका बाजूला घासत होता आणि कापडाची कड विरली होती. तिथे माप एकाच जागी घेतलं असणार. शिवाय आपल्याकडे दुकानात माप इंचांत, दर चौरस फुटाला, आणि ब्लाइंड बनवणारे मागतात मिमीत. एकदा इंचातून मिमीत आणि परत इंचात असं माप फिरलं, की चूक आत शिरते. मी वहीत मिमीच लिहितो. गिऱ्हाईकाला इंचांत सांगायचं असेल तर तोंडी सांगतो.

वरचा मजला

एएसीच्या भिंतीला तीन वाटा होत्या. पहिली, ब्रॅकेट आत घेऊन लिंटलवर बसवायचे. लिंटल भिंतीत खिडकीच्या दोन्ही बाजूंना साधारण सहा इंच शिरलेला असतो. ब्रॅकेट खिडकीच्या कडेपासून चार इंचांच्या आत आला तर काँक्रीट मिळतं. इथे आधीचे ब्रॅकेट बरोबर सहा इंचांवर, म्हणजे लिंटल संपून ब्लॉक सुरू होतो त्या सांध्यावर बसवलेले होते. याहून वाईट जागा नाही. पण ब्रॅकेट आत घेतले, तर गोळा केलेला पडदा काचेवर येणार, आणि आजींना संध्याकाळनंतर खिडकी पूर्ण उघडी हवी होती. “वारा आला पाह्यजे बाबा, नाही तर रातभर झोप नाही,” असं त्यांचं म्हणणं. घरात राहणाऱ्या माणसाचं म्हणणं मोडून फिटिंग सोपं करायचं, हे मला पटत नाही.

दुसरी वाट, एएसीसाठी बनवलेली गिट्टी. तिला बाहेरून आट्यांसारखे रुंद पंख असतात, ती भोकात ठोकली की मऊ ब्लॉकमध्ये पकड घेते. नायलॉनची फुगणारी गिट्टी जर्मनीत आर्टूर फिशर यांनी १९५८ साली काढली. आज आपण वापरतो त्या बहुतेक गिट्ट्यांचं मूळ तेच. एएसीची गिट्टी त्याच विचारातून पुढे आलेली. हलक्या पडद्याला ती पुरते. मात्र भोक हॅमर पूर्ण बंद ठेवून, साध्या फिरकीवर, आठ मिमीचं, आणि प्लास्टर सोडून पुढे पन्नास मिमी तरी खोल पाडायला हवं.

मी तिसरी वाट घेतली. सागवानाची नऊ फुटांची पट्टी, तीन इंच रुंद. ती खिडकीच्या वर आडवी, लिंटलला पाच जागी अँकरने पक्की, आणि दोन्ही टोकांना एएसीच्या लांब गिट्ट्यांनी आधार. ब्रॅकेट मग लाकडावर. पट्टीला भिंतीचाच रंग दिला. वजन काँक्रीटवर गेलं, टोकाच्या गिट्ट्यांवर फक्त पट्टी भिंतीला चिकटून ठेवण्याचं काम राहिलं. गावातल्याच सुताराने पट्टी रंधून दिली, आणि स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून काउंटरसिंक बिटने खळगे केले.

इथे लागली ती एसडीएस चकची रोटरी हॅमर, दोन किलो वर्गातली. साधी इम्पॅक्ट ड्रिल आणि रोटरी हॅमर यांतला फरक दुकानदार नीट सांगत नाहीत, म्हणून सांगतो. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून उड्या मारतात. ठोका पडायला माणसाला मागून जोर लावावा लागतो. रोटरी हॅमरमध्ये आतला पिस्टन हवा दाबून ठोका देतो. जोर मशीनचा, हात फक्त दिशा धरतो. लिंटलच्या काँक्रीटमध्ये शिडीवर उभं राहून इम्पॅक्ट ड्रिलला रेटायचं म्हणजे स्वतःचा तोल घालवायचा. म्हणून काँक्रीटचं काम असेल तर रोटरी हॅमरवर सहा-सात हजार खर्च करणं मला योग्यच वाटतं. एका जागी बिट सळईला लागलं. आवाज बदलतो, धूळ येणं थांबतं. तिथे जोर न लावता भोक पंचवीस मिमी बाजूला सरकवलं. सळई कापायचा विचारही करायचा नाही.

स्क्रू बसवायला बारा व्होल्टची बॅटरीची मशीन. अंबाजोगाईत संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की वायरच्या मशीनचा दम जातो, आणि बॅटरी तेव्हा कामाला येते. तिच्या मानेवरचे क्लचचे आकडे, म्हणजे किती जोर लागल्यावर फिरकी सुटायची ते ठरवणारे, हे तिचं खरं मोल. एएसीत क्लच खालच्या आकड्यावर ठेवायचा आणि शेवटचे दोन-तीन वेढे हाताच्या स्क्रूड्रायव्हरने द्यायचे. मशीनने ओढून घट्ट केलं की गिट्टी आतल्या आत फिरते, आणि मग ते भोक कायमचं गेलं.

शेवटी प्रत्येक ब्रॅकेटला घरातलाच वीस लिटरचा भरलेला पाण्याचा जार दोरीने लटकवून ठेवला. चहा होईपर्यंत एकही ब्रॅकेट हलला नाही. आजी स्वतः येऊन जार बघून गेल्या.

ग्रॅनाइटची चौकट

खालच्या विटांच्या खोल्यांत भोकांची अडचण नव्हती. वीट चांगली भाजलेली, आठ मिमीची चांगली नायलॉन गिट्टी आणि अडीच इंची स्क्रू, काम झालं. अडचण होती रोलर ब्लाइंडच्या साखळीची. घरात रांगणारं लेकरू आहे आणि साखळी जमिनीपर्यंत लोंबत होती. लोंबती साखळी लहान मुलाच्या गळ्यात अडकून जगभर मुलं दगावली आहेत. म्हणून युरोपात त्यावर ईएन १३१२० नावाचं मानक आहे. मूल असलेल्या घरात साखळी ताणून भिंतीला पक्की करायची, आणि दोरी असेल तर ती जमिनीपासून दीड मीटरच्या वर गुंडाळून ठेवायची, ही त्यातली साधी शिस्त. ब्लाइंडच्या खोक्यात साखळी ताणून धरणारा छोटा प्लास्टिकचा क्लिप बहुतेक वेळा मिळतो. या घरातले सगळे क्लिप खोक्यासकट माळ्यावर पडलेले सापडले.

ते बसवले नसण्याचं कारण मला चौकट बघूनच कळलं. चौकटीला आतून काळ्या ग्रॅनाइटच्या पट्ट्या. साधं बिट ग्रॅनाइटवर घसरतं, आणि हॅमर लावला तर पट्टीला चीर जाते. हे काम सहा मिमीच्या डायमंड बिटचं. हॅमर बंद, वेग कमी, सुरुवातीला बिट तिरकं धरून खाच पाडायची, मग सरळ करायचं. बरोबरचा पोऱ्या स्पंज ओला करून पाणी सोडत राहतो. पाणी बंद केलं की बिट जळतं. पट्टीच्या कडेपासून तीन सेंटिमीटर तरी आत राहायचं. पट्टी अठरा-वीस मिमी जाड, तिच्यामागे मसाला, त्यामुळे गिट्टी दगड ओलांडून मागच्या मसाल्यात पोचेल इतकं भोक खोल घ्यायचं. लेकराच्या आईने प्रत्येक साखळी स्वतः ओढून बघितली. एवढ्या सगळ्या कामात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच. पडदा पडला तर सूज येते, साखळीचं तसं नाही.

दगडी खोली

पुढच्या खोलीत मोठी मशीन मी पिशवीतून काढलीच नाही. काळ्या दगडाच्या, मातीच्या सांध्यांच्या भिंती. दगड दख्खनचा बेसाल्ट, त्यात भोक पडायला वेळ लागतो आणि बिटाची धार जाते. पण माझी काळजी दगडाची नव्हती. सांध्यात माती आणि लहान चिपा असतात, हॅमरच्या ठोक्यांनी त्या सैल होतात. अशा भिंती हादरल्या की काय होतं, हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारीला आणि आसपासच्या गावांत माणसं गेली, ती बहुतांशी दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदं अंगावर येऊन. आजींना ती पहाट आठवत होती. सगळं घर रस्त्यावर येऊन उजाडेपर्यंत बसलं होतं, असं त्यांनी सांगितलं. पडद्याच्या भोकाने भिंत पडते असं मी म्हणत नाही. पण जिथे पर्याय आहे तिथे तिला हलवायचं कशाला?

पर्याय होता सागवानाच्या चौकटीचा. जुनं सागवान, चार इंच जाड, किडीचा मागमूस नाही. हलके सुती पडदे, आतल्या आत बसणारा बारीक पितळी दांडा. अडीच मिमीच्या बिटने आधी भोक, मग स्क्रूच्या आट्यांना थोडं मेण लावून हाताने फिरवला. जुनं सागवान इतकं टणक होतं, की आधी भोक न पाडता स्क्रू घातला असता तर डोकं तुटलं असतं किंवा लाकूड चिरलं असतं.

याच खोलीत लेसरचा वेगळा पेच आला. रेषा टाकली तर चौकट एका बाजूला चौदा मिमी बसलेली. दांडा लेसरच्या रेषेवर लावला असता, तर तो बरोबर असूनही चौकटीच्या मानाने डोळ्याला वाकडा दिसला असता. जिथे दांडा चौकटीपासून दोन-अडीच इंचांवर आहे तिथे डोळा चौकटीशी तुलना करतो, छताशी नाही. म्हणून दांडा चौकटीला समांतर लावला. वरच्या खोलीत मात्र लेसरच प्रमाण मानला, कारण तिथे पाइप छताच्या जवळ होता आणि छत लेव्हलमध्ये होतं. लेसर खरं सांगतो, पण कुठलं खरं धरायचं ते फिटरने ठरवायचं.

बाकीचं थोडक्यात

स्टीलचा पाइप कापायला हॅक्सॉ नको, पाइप कटर घ्यावा. फिरवत फिरवत कापतो, कड सरळ येते, आणि टोपी चपखल बसते. हॅक्सॉने कापलेल्या पाइपच्या कडेला राहिलेल्या खरबरीत कपच्यांत रिंगा अडकतात. पडदा सरकतो तो चॅनल कापायला मात्र बारीक दात्यांचं ब्लेड आणि कानस लागतेच. पडदे टांगल्यावर स्टीमरने घड्या काढल्या. सुती पडद्यांची खालची शिलाई एक दिवस टांगून ठेवल्यावर मारायला सांगितली, कारण कापड आपल्या वजनाने थोडं उतरतं.

शिडी अॅल्युमिनियमची, खाली रबर शाबूत असलेली, आणि एक माणूस कायम ती धरून. डोळ्यांना चष्मा, तोंडाला एन-९५ किंवा आयएस ९४७३ ची एफएफपी२ खूण असलेला मास्क. रुमाल बांधून भागत नाही. प्लास्टरमधल्या वाळूत सिलिका असते, तिची बारीक धूळ रुमालातून आत जाते आणि फुप्फुसात राहते. या धंद्यात उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाचा खोकला मी जवळून ऐकलाय. मास्क घालायला पोरं कंटाळतात, तेव्हा मी काम थांबवतो.

मजुरीचं बोलणं सरळ झालं. मुलगा म्हणाला, दुकानात तर फिटिंग फ्री होतं. मी त्याला खिडकीनिहाय कागद दिला: कोणत्या भिंतीला कोणतं बिट, कोणती गिट्टी, किती वेळ, सुताराचे किती. त्याने घासाघीस केली नाही. तोच कागद त्याने प्लास्टिकच्या पाकिटात घालून मीटरच्या पेटीच्या दारात आतून चिकटवला. पुढे कुणी फिटर, एसीवाला किंवा इलेक्ट्रिशियन आला तर त्याला भिंत परत ओळखत बसायला नको.

निघताना त्यांनी गच्चीवर आणखी एक खोली काढायची आहे म्हणून नकाशा दाखवला. मी दोनच बदल सुचवले: खिडक्यांवरचा लिंटल दोन्ही बाजूंना सहा इंचांऐवजी फूटभर आत न्यावा, आणि एसीची नळी खिडकीच्या कडेपासून दीड फूट लांब ठेवावी. गवंडी तिथेच होता. म्हणाला, सळई आणि काँक्रीट थोडं वाढेल, पण शटरिंग तर लावायचंच आहे. मुलाने नकाशावर पेन्सिलने दोन्ही बदल लिहून घेतले.